शब्द माहीत असतो, पण पेनातून उतरत नाही

जुलैमध्ये भाची मराठीची वही घेऊन आली, नववीत आहे, निबंधाचा विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. दीड पान लिहिलेलं आणि त्यात 'खूप' अकरा वेळा. खूप पाऊस, खूप ढग, खूप भिजलो, खूप मजा आली. म्हटलं अगं मळभ, रिपरिप, चिंब, उघडीप हे शब्द माहीत नाहीत का तुला, तर म्हणाली, "मावशी, माहितीयत गं सगळे, पण लिहायला बसलं की आठवतच नाहीत." आणि एकेकाचा अर्थ विचारला तर खरंच पटापट सांगितला तिने.

हे जवळजवळ सगळ्याच मुलांचं होतं, आणि आपण काय करतो तर शंभर समानार्थी शब्दांची यादी हातात देतो आणि म्हणतो पाठ कर. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण शब्द डोक्यात नाहीये ही अडचणच नाही, तो वेळेवर बाहेर काढायची सवय नाही ही अडचण आहे. वाचताना शब्द समोर छापलेला असतो, आपण फक्त त्याचा अर्थ ओळखतो. लिहिताना बरोबर उलटं, अर्थ मनात तयार असतो आणि शब्द अंधारात चाचपडून शोधावा लागतो. म्हणून वाचून कळणारे शब्द भरपूर आणि स्वतः वापरतो ते त्यातले थोडेच, हे मोठ्यांचंही तसंच आहे.

'अगदी तोंडात आहे पण आठवत नाही' असं आपण म्हणतो ना, त्याचा नीट अभ्यास हार्वर्डमध्ये रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी केला, १९६६ साली तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द ओळखायला सांगायचा. ज्यांच्या तोंडात येऊन शब्द अडकला त्यांना तो सांगता येत नव्हता, पण निम्म्याहून जास्त वेळा त्याचं पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं! म्हणजे शब्द आत होता, अर्थापासून त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी कच्ची होती.

मग ही वाट पक्की कशी होते, तर त्या वाटेने पुन्हा पुन्हा चालून. २००८ साली अमेरिकेत जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट शिकवले. शब्द एकदा बरोबर आला की काही गटांनी तो नुसता वाचत राहायचा, काहींनी मात्र न बघता आठवून सांगत राहायचं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून सांगणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले आणि ज्यांनी आठवायचं थांबवलं होतं त्यांना जेमतेम ३५ टक्के. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढे आहे, परीक्षेआधी सगळ्याच गटांना विचारलं होतं किती येतील, तर सगळ्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास. कुठल्या अभ्यासाचा उपयोग होतोय हे करणाऱ्याला आतून कळतच नाही, म्हणून तर मुलं यादी चार वेळा वाचतात आणि त्यांना वाटतं झालं पाठ.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. ताजं पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात भराभर विसरतं, हे जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं. हॅरी बारिक या मानसशास्त्रज्ञाने तर घरच्यांनाच कामाला लावलं, चौघांनी मिळून परक्या भाषेतले शब्द वर्षानुवर्षं घोकले आणि दिसलं काय, तर १४ दिवसांच्या अंतराने २६ वेळा केलेली उजळणी आणि ५६ दिवसांच्या अंतराने केलेली फक्त १३ वेळा, दोन्हीतून जवळपास सारखंच लक्षात राहिलं.

तर आम्ही बुटांचा खोका घेतला आणि पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे केले. ही सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची १९७० च्या दशकातली युक्ती. चिठ्ठी पहिल्या कप्प्यातून सुरू होते, शब्द आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज काढायचा आणि पुढचे अजून अजून लांबच्या अंतराने. पण चिठ्ठीच्या समोरच्या बाजूला शब्द लिहायचा नाही, प्रसंग लिहायचा, कारण निबंधात आपण प्रसंगाकडूनच शब्दाकडे जातो. 'छपराच्या कडेवरून अंगणात पडणाऱ्या पाण्याच्या धारा', मागे पागोळ्या. 'दिवसेंदिवस न थांबता लागून राहिलेला पाऊस', मागे झड. 'ढग भरलेत, वारा पडलाय, कोंडल्यासारखं वाटतंय', मागे कुंद. आणि शब्द एकटा घ्यायचा नाही, त्याची जोडी घ्यायची, झड लागते, सर येते, मळभ दाटतं, पाऊस उघडीप देतो आणि आलाच नाही तर ओढ देतो. जोडी चुकली की वाचणाऱ्याला लगेच खटकतं. मग त्याच दिवशी घरातलं काहीतरी घेऊन स्वतःचं एक वाक्य. शब्द हवे असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, १८३१ चा आहे, १८५७ च्या वाढवलेल्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत आणि ऑनलाइन फुकट मिळतो.

फक्त 'पाऊस' खोडून 'पर्जन्यवृष्टी' लिहायला लावू नका प्लीज. मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पदव्युत्तर प्रवेशाच्या निबंधांतले साधे शब्द काढून तिथे कोशातले लांबलचक शब्द घातले आणि लोकांना वाचायला दिले, तर वाचणाऱ्यांना लिहिणारा प्रवेशाला जास्त नाही, कमी लायक वाटला. 'रिपरिप' चांगला शब्द आहे तो अवघड आहे म्हणून नाही, 'खूप पाऊस' मध्ये जो पाऊस दिसत नाही तो त्यात ऐकू येतो म्हणून.

गेल्या आठवड्यात चाचणीचा पेपर मिळाला. भाचीने लिहिलंय, 'चार दिवस झड लागली होती आणि आजीने पागोळ्यांखाली बादल्या मांडून ठेवल्या होत्या.' 'खूप' तीनदा आहे अजून. आणि 'कुंद' पहिल्याच कप्प्यात अडकलाय, आज रात्री जेवण झालं की परत विचारणार आहे.