खुलासा: सोलरचं जुनं कूलंट माडाच्या आळ्यात ओतू नका

‘सोलर हीटरमधलं कूलंट म्हणजे रंगीत पाणी, माडाला घातलं तरी चालतं’ असं आमच्याकडे सर्रास सांगतात. हे साफ चूक आहे. कूलंट म्हणजे हीटरच्या नळ्यांत फिरून उष्णता वाहून नेणारा द्रव; त्यातलं ग्लायकॉल हे रसायन मुळात पाणी गोठू नये म्हणून घालतात. कोकणात पाणी गोठत नाही, हे खरं. पण खाडीकाठच्या मचूळ पाण्याने नळ्यांत क्षार धरतात, म्हणून काही हीटरच्या बंद नळ्यांत ग्लायकॉलचं मिश्रण फिरवतात.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. परसात सांडलेलं कुत्रं-मांजर चाटतं आणि शरीरात ऑक्झलेटचे स्फटिक होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल बरंच कमी विषारी. तरी वापरलेल्या द्रवात गंजरोधक रसायनं असतात, नळ्यांचं तांबंही उतरतं. आपला जांभा सच्छिद्र. आळ्यात ओतलेलं पावसाबरोबर विहिरीपर्यंत पोचू शकतं. शोषखड्ड्यातही नको, तोही जमिनीतच मुरतो.

द्रव घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ‘विष’ असं ठळक लिहा. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका, घरात पोरं असतात! जुन्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. असा घरगुती घातक कचरा वेगळा ठेवून संकलन केंद्रात द्यायला घनकचरा नियमांत सांगितलं आहे. गावात सोय नसेल, तर कूलंट बदलायला येणाऱ्या मेकॅनिकशी आधीच बोलून ठेवा, की जुनं तोच नेईल आणि अधिकृत ठिकाणी देईल.