फ्रेम बदलावी की सुटे भाग?

आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याची) स्पर्धा 2019 मध्ये पणजीत पहिल्यांदा झाली. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप आहे. चोर्ला घाट उतरला की गाठता येणाऱ्या या स्पर्धेची तयारी करणाऱ्या बेळगाव-खानापूरकडच्या सायकलस्वारापुढे खर्चाचा प्रश्न हमखास उभा राहतो : हाताशी असलेल्या पैशांत नवी फ्रेम घ्यावी, की आहे त्याच फ्रेमवर महागडी चाके आणि ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, चेन यांचा संच) चढवावा? माझ्या मते याचे उत्तर दुकानातल्या किमतीपेक्षा स्वाराच्या बसण्याच्या पद्धतीत शोधायला हवे.

75 किलो वजनाचा स्वार, 9 किलोची सायकल, सपाट रस्ता, पडलेला वारा आणि ताशी 35 किलोमीटर वेग असे धरले, तर हवा कापण्यासाठी सुमारे 160 वॉट आणि टायरच्या घर्षणापोटी सुमारे 40 वॉट शक्ती खर्च होते. हवेच्या विरोधातला साधारण तीन चतुर्थांश वाटा एकट्या शरीराचा असतो. हात एअरोबारवर (हँडलच्या पुढे बसवलेल्या, कोपरे टेकवायच्या दांड्यांवर) टेकवून पाठ खाली आणल्याने हवेचा एकूण विरोध सहाव्या हिश्श्याने घटला, तरी 25 वॉटहून थोडे अधिक वाचतात. याउलट सायकलचे वजन एक किलोने कमी केल्यास सपाटीवर जेमतेम अर्धा वॉट वाचतो आणि पाच टक्के चढावर ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना दोन वॉट. हलक्या फ्रेमचा मोह आवरावा, तो यासाठी.

फ्रेमचे खरे महत्त्व तिच्या मापात आहे. रोड सायकलच्या फ्रेममध्ये सीटखालच्या नळीचा कोन साधारण 72 ते 74 अंश असतो, तर ट्रायथलॉनच्या फ्रेममध्ये तो 76 ते 80 अंशांपर्यंत जातो. त्यामुळे सीट पुढे सरकते, कंबर पुढे झुकते आणि पाठ आडवी होऊनही मांडी व धड यांच्यातला कोन फारसा मिटत नाही. आपली फ्रेम तपासायची असेल, तर एअरोबारवर कोपरे ठेवून काही वेळ जोरात पेडल मारावे आणि कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे. पेडल वर येताना मांडी पोटाला भिडते का, स्वार नकळत सरकत सीटच्या टोकावर येतो का, मान आखडते का, हे लगेच दिसते. सीट आणि हँडल यांची जागा बदलूनही हे थांबत नसेल, तर ती फ्रेम त्या शरीरासाठी नाही आणि कितीही महाग ग्रुपसेट तिला सावरू शकत नाही. अशा वेळी मापाची जुनी फ्रेमसुद्धा उत्तम खरेदी ठरते.

फ्रेम मापात असेल, तर पहिला खर्च टायरवर करावा. रबर रस्त्यावर दबते आणि पुन्हा फुगते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग उष्णतेत जातो. चांगल्या टायरमध्ये ही गळती कमी असते आणि वरच्या उदाहरणात नुसत्या टायर-ट्यूबच्या बदलातून 15 वॉटच्या आसपास वाचू शकतात. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवर मात्र खच्चून हवा भरणे तोट्याचे ठरते, कारण कडक टायर उसळतो आणि त्या हादऱ्यांतली ऊर्जा स्वाराच्या अंगात जिरते. तिथे 28 मिलिमीटरचा टायर आणि थोडी कमी हवा बरी. जुन्या फ्रेममध्ये एवढा रुंद टायर मावेलच असे नाही, हे आधी पाहून घ्यावे.

ग्रुपसेटबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. महागड्या ग्रुपसेटने गिअर सफाईने पडतात आणि वजन थोडे घटते, पण वेगाच्या दृष्टीने स्वच्छ, नीट तेल दिलेली चेन अधिक उपयोगी पडते.

चाकांच्या बाबतीत घाई नको. डिस्क ब्रेकच्या (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर लागणाऱ्या ब्रेकच्या) फ्रेमची चाके रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर लागणाऱ्या ब्रेकच्या) फ्रेमला चालत नाहीत आणि रिम ब्रेकची डिस्क ब्रेकला चालत नाहीत. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत फ्रेम बदलणार असाल, तर आज घेतलेली कार्बनची चाके वाया जाण्याचा धोका आहे. शिवाय पावसाळ्यात पश्चिमेचा वारा बेळगाव-निपाणी मार्गावर बाजूने येतो आणि खोल रिमचे (रुंद कडेचे) पुढचे चाक हँडलसकट वळवू पाहतो. हलक्या वजनाच्या स्वाराने मागचे चाक खोल रिमचे आणि पुढचे कमी खोलीचे घ्यावे, कारण मागच्या चाकावरच्या वाऱ्याने हँडल वळत नाही.