पेटर-मिखाएल कोल्बे

पेटर-मिखाएल कोल्बे (२ ऑगस्ट १९५३ – ९ डिसेंबर २०२३) हे एकेरी स्कल या नौकावल्हन प्रकारातील विख्यात जर्मन खेळाडू. हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या कोल्बे यांनी पश्चिम जर्मनीकडून १९७५, १९७८, १९८१, १९८३ आणि १९८६ अशी पाच जागतिक अजिंक्यपदे मिळवली. ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मात्र त्यांना एकदाही लाभले नाही. तरीही त्यांचे नाव अधिक घेतले जाते ते एका हुकलेल्या शर्यतीमुळे आणि पुढे बंदी आलेल्या एका नावेमुळे.

एकेरी स्कलमध्ये एकच खेळाडू दोन्ही हातांत एकेक वल्हे धरून २,००० मीटर अंतर कापतो. (नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ २०१६ साली रिओत उतरले, तो हाच प्रकार.) वल्हवणाऱ्याची पाठ अंतिम रेषेकडे असल्याने आघाडीवर असलेल्याला मागून येणारा प्रतिस्पर्धी समोर दिसत राहतो. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये जगज्जेते कोल्बे शर्यत संपत येईपर्यंत पुढे होते, पण अखेरच्या टप्प्यात त्यांचे बळ सरले आणि फिनलंडचे उंचेपुरे पेर्टी कार्पिनेन सुमारे अडीच सेकंदांनी जिंकले. शर्यतीपूर्वी कोल्बे यांना बेरोलाझ व थायोक्टॅसिड या औषधांचे इंजेक्शन दिले गेल्याचे नंतर उघड झाले. ही औषधे तेव्हा निषिद्ध नव्हती. त्यामुळे नियमभंग झाला नसला, तरी मायदेशी मोठा वाद उठला आणि ‘कोल्बे-श्प्रित्स’, म्हणजे कोल्बे-इंजेक्शन, हा शब्द जर्मन क्रीडाविश्वात रूढ झाला. पराभव त्या इंजेक्शनमुळेच झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आरंभीच्या वेगाची किंमतही शेवटी मोजावी लागतेच.

१९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार घातल्याने त्यांची एक संधी न खेळताच गेली. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ते सरकत्या रिगरची नाव घेऊन उतरले आणि जिंकले. नेहमीच्या नावेत रिगर, म्हणजे वल्ह्यांना आधार देणारी बाहेर काढलेली चौकट, पक्की असते व बैठक रुळांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे प्रत्येक वल्ह्यासरशी खेळाडूच्या अंगाचे सारे वजन हलते आणि नावेचा वेग सतत कमीजास्त होतो. नव्या नावेत बैठक स्थिर असे, तर पाय टेकवायची फळी आणि रिगर एकत्र सरकत. हलणारे वस्तुमान थोडे असल्याने नाव अधिक एकसारखी धावे. कल्पना जुनीच होती, पण कोल्बे यांच्या विजयाने तिचे मोल सिद्ध झाले आणि १९८३पर्यंत अंतिम फेरीतील सर्व एकेरी खेळाडूंनी तीच रचना स्वीकारली. खर्च वाढून खेळ मोजक्यांपुरता उरेल, या कारणास्तव आंतरराष्ट्रीय महासंघाने लगेच तिच्यावर बंदी घातली.

यश नावेचे की माणसाचे, या शंकेला १९८६चे नॉटिंगहॅममधील विजेतेपद पुरेसे उत्तर आहे. ते जुन्याच पद्धतीच्या नावेतून मिळवलेले होते. त्याआधी १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये कार्पिनेन यांनी त्यांना पुन्हा मागे टाकले होते. १९८८ साली सोल येथे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते तिसऱ्यांदा रौप्यपदकावर थांबले, आणि या वेळी पुढे होते पूर्व जर्मनीचे थोमास लांगे. निवृत्तीनंतर त्यांनी जर्मन नौकावल्हन संघटनेचे क्रीडा संचालक म्हणून काम केले. एकेरीतील पाच जागतिक अजिंक्यपदांच्या त्यांच्या विक्रमाशी पुढे न्यूझीलंडचे माहे ड्रायस्डेल आणि चेक प्रजासत्ताकाचे ओन्द्रेय सिनेक यांनी बरोबरी साधली.