स्ट्रॉबेरीसाठी ह्युमिक विकायचंय? फाईल नंतर, आधी वाफे आखा

भिलार-पाचगणीकडच्या कुठल्याही स्ट्रॉबेरीवाल्याच्या शेडमध्ये डोकावा. विद्राव्य खतांच्या पिशव्यांशेजारी ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल), सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क), अमिनो असे कॅन रांगेनं उभे असतात. 23 फेब्रुवारी 2021 च्या दुरुस्तीने हा सगळा माल 'बायोस्टिम्युलंट' (जैव-उत्तेजक) म्हणून खत नियंत्रण आदेश 1985 खाली आला. बरीच वर्षं तात्पुरत्या नोंदणीवर विक्री चालली. ती मुदत 16 जून 2025 ला संपली. आता माल या आदेशाच्या अनुसूची 6 मध्ये अधिसूचित असल्याशिवाय विकता येत नाही.

हे कोणाला लागू?

उत्पादक आणि आयातदार यांना. स्वतःच्या रानात स्वतः बनवलेलं काही ओतणाऱ्या शेतकऱ्याला यातलं काहीच नको. गांडूळखत विकणाऱ्यालाही फील्ड चाचणी नको, कारण ते अनुसूची 4 मधलं सेंद्रिय खत; तिथे फक्त मानकं पाळायची. बरेच जण इथेच गोंधळतात आणि नको त्या फाईलवर पैसे घालवतात.

चाचणी: खरं काम इथे

अर्ज फॉर्म 'जी' मध्ये करायचा, पण त्याचा कणा म्हणजे पिकावरच्या परिणामाचा अहवाल. चाचणी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था किंवा राज्य कृषी विद्यापीठ यांच्याकडूनच हवी. किमान तीन मात्रा, एक हंगाम, तीन वेगवेगळे कृषी-हवामान विभाग. अधिसूचनेत पीक आणि मात्रा छापून येतात, म्हणून टोमॅटोवरच्या अहवालाच्या जोरावर स्ट्रॉबेरीचा दावा करू नका.

तीन विभाग म्हटल्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी असे दोन धरता येत नाहीत, ती एकच जांभ्याची तांबडी माती. बाकीच्या दोन जागा बाहेर शोधा. हिमाचल, हरियाणातही स्ट्रॉबेरी होते.

आराखडा विद्यापीठ ठरवतं, पण तुम्हाला तो वाचता आला पाहिजे. तीन मात्रा आणि एक बिनामात्रेचा वाफा, म्हणजे चार उपचार. आकडेमोडीत त्रुटीसाठी (उपचाराशी संबंध नसलेला, वाफ्यावाफ्यातला फरक) किमान 12 स्वातंत्र्य अंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) हवेत हा कृषी सांख्यिकीतला रुळलेला दंडक. चार उपचारांना तो पाच पुनरावृत्तींनीच गाठतो: उपचारांतून एक वजा, पुनरावृत्तींतून एक वजा, म्हणजे 3 गुणिले 4. म्हणजे 20 वाफे. डोंगरउतारावर गट (चारही उपचारांचा एकेक वाफा असलेली पुनरावृत्ती) उताराला आडवे आखा, नाहीतर खालच्या वाफ्यांतला ओलावाच 'परिणाम' म्हणून अहवालात उतरेल.

रोपं एकाच नर्सरीची, एकाच जातीची. मल्चिंग एकच. ड्रिपची लाईन मात्र प्रत्येक उपचाराला वेगळी आणि वेगळ्या व्हॉल्व्हची. माझ्याकडे आलेल्या एका फाईलमध्ये सगळ्या वाफ्यांना एकच व्हेंचुरी (ड्रिपच्या पाण्यात खत ओढून मिसळणारं साधन) होती. बिनामात्रेच्या वाफ्यालाही ह्युमिक मिळालं, अख्खा हंगाम वाया.

उत्पादन मोजणं हे स्ट्रॉबेरीत चिवट काम. तोडा दर दोन-तीन दिवसांनी, तोही महिनोन् महिने. प्रत्येक वेळी वाफ्यागणिक वजन, विक्रीयोग्य फळ वेगळं, कुजकं-बारीक वेगळं. कडेची रोपं धरायची नाहीत. सकाळी घाईत क्रेट एकत्र झाला की त्या दिवसाचा आकडा गेला, तो मागून अंदाजाने भरू नका.

बाकीची कागदपत्रं

घटकांचं पृथक्करण आणि तपासणीची पद्धत, टिकण्याचा कालावधी, लेबलचा मसुदा. विषारीपणाचे अहवाल: उंदरावर तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे, सशावर त्वचा आणि श्लेष्मपटल, शिवाय पक्षी, मासा, मधमाशी, गांडूळ. जड धातूंत कॅडमियम 5, आर्सेनिक 10, शिसं 100 मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत चालतं. कीटकनाशकाचा अंश 0.01 पीपीएमच्या वर निघाला तर फाईल तिथेच थांबते, म्हणून तो तपास सगळ्यात आधी करून घ्या. स्वस्तात समजलेलं बरं.

अर्ज केंद्राच्या खत नियंत्रकाकडे जातो, छाननी केंद्रीय बायोस्टिम्युलंट समिती करते, मग अधिसूचना निघते. त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाचा परवाना आणि दुकानदारासाठी 'ओ फॉर्म', म्हणजे उगम प्रमाणपत्र.

लागवड पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा विद्यापीठाशी करार, फी आणि नमुन्याचे कॅन ऑगस्टआधी पोचते करा. सप्टेंबरच्या शेवटी पत्रव्यवहार सुरू केलात तर वाफे पुढच्या वर्षीच दिसतील.