‘१२ अ’ची पार्श्वभूमी

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडच्या नव्या इमारतींत तेरा अशुभ म्हणून बारा नंबरच्या दारापुढे ‘१२ अ’ आणि त्यापुढे एकदम ‘१४’ अशा पाट्या दिसतात. गंमत अशी, की या गावांत तेरा मजले चढायची वेळ सहसा येत नाही. उंच टॉवर आहेत ते पनवेल-उलव्याच्या बाजूला. तेराव्या मजल्याची भीती खाली येताना फ्लॅटच्या नंबरात शिरली.

आकडा पाहून घर बांधणे कोकणाला नवे नाही. पण तो आकडा दारावर नसे, मापात असे. जागेची लांबी-रुंदी घरधन्याच्या हाताने मोजायची, गुणाकार करायचा, आठाने भागायचे. जी बाकी उरते ती ‘आय’. ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज, ध्वांक्ष अशा आठ आय. यातल्या विषम चांगल्या. सम आल्या तर धूर, कुत्रा, गाढव, कावळा. म्हणून वीतभर भिंत इकडे-तिकडे सरकवायची. दुसरा हिशेब तिनाचा: इंद्र, यम, राजा. ओटीच्या पायऱ्या या चालीवर मोजल्या, तर शेवटची यमावर येता कामा नये. शिवाय पायऱ्या विषम हव्यात, हा तिसरा नियम. पाच पायऱ्या विषम म्हणून पास आणि यमावर संपतात म्हणून नापास! अशा वेळी गवंडी जोत्याची उंची पाहून काय ते ठरवत असणार. नियम एकमेकांशी भांडत होते, हे मात्र लक्षात ठेवावे, कारण आज ‘शास्त्रात असं आहे’ म्हणताना सगळे एकमुखी असल्यासारखे सांगितले जाते.

या जुन्या हिशेबात तेराचे काय? आय भागाकारातून येते, दारावरच्या नंबरातून नव्हे, हे खरे. तरी गंमत म्हणून १३ ला आठाने भागा: बाकी पाच, म्हणजे वृषभ. तिनाने भागा: बाकी एक, इंद्र. तिथी पाहा: त्रयोदशी ‘जया’ गटातली, तृतीया आणि अष्टमीच्या पंक्तीची. आता ज्याच्या आडोशाला आपण जातो तो १४ घ्या. आठाने भागून सहा उरतात, खर. तिनाने भागून दोन, यम. आणि चतुर्दशी ही चतुर्थी-नवमीसारखी ‘रिक्ता’, शुभकार्याला टाळायची. तेरा गाळून चौदा लावणारा बिल्डर बैल सोडून गाढव दारात बांधतो आहे.

तेराला आपल्याकडेही वाईट म्हणतात, असा आक्षेप येतो. त्यासाठी ‘तेरावं’ पुढे केले जाते. पण तेराव्याला गोडाचे जेवण होते, सुतकातले घर पुन्हा नेहमीच्या रहाटीला लागते. तो दिवस मरणाचा कमी आणि त्यातून बाहेर पडण्याचा जास्त. ‘तीन तेरा वाजणे’, ‘दुष्काळात तेरावा महिना’ हे आहेच. पण वाक्प्रचारावरून नंबर गाळायचे तर बाराही गाळावा लागेल, कारण आपले वाजतात ते बाराच. इकडे देवळातल्या गाऱ्हाण्यात बारा हा पूर्णाचा आकडा. ‘बारा-पाचाचे मानकरी’ म्हटले की सगळे आले.

मग हा १३ आला कुठून? किनाऱ्यावर पोर्तुगीज १५१० पासून होते, ख्रिस्ती वस्ती जुनी, म्हणून काही जण गोव्याकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. दारावरचा नंबर गाळायची सवय लिफ्टची आणि हॉटेलची, आणि ती मुंबईमार्गे आली. चाळीत खोली मिळणे हेच नशीब होते, नंबर कोण बघतो? १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, येणे-जाणे सोपे झाले. मुंबई-पुण्याचे लोक सुट्टीचे घर म्हणून फ्लॅट घेऊ लागले आणि आपल्या भीतीही सोबत घेऊन आले. आठ या आकड्याची धास्ती तर आणखी वळसा घेऊन आली. हात आणि अंकांवर इंग्रजीत पुस्तके लिहिणारा एक आयरिश भविष्यवेत्ता, आपण ही विद्या कोकणातल्या एका जोशांकडे शिकलो, असे सांगत असे. त्याने आठ हा शनीचा म्हणून जड ठरवला. खरे असेल तर माल आपला, शिक्का त्यांचा.

खरा गुंता ‘अ’ या अक्षराचा आहे. जमिनीच्या कागदात ‘अ’ म्हणजे पोटविभाग. हिस्सा फुटला की अ, ब, क. त्यामुळे ‘१२ अ’ वाचले की कोर्ट-कचेरीच्या कानाला ते बाराचे तुकडे झाल्यासारखे ऐकू येते: भावाभावांत वाटणी झाली का, मूळ १२ कोणाचा? आणि नंबर बदलतो तो सहसा पाटीवर. मंजूर नकाशात १३ असतो. करारनामा नकाशावरून केला तर इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, १३; वीजबिल पाटीवरून आले तर ‘१२ अ’; सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर सेक्रेटरीच्या मर्जीने काहीही. पहिल्या मालकाचे काही अडत नाही. तो विकायला काढतो तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेचा वकील विचारतो, हे दोन फ्लॅट की एक? मग बिल्डरला शोधा, चूक दुरुस्ती पत्र करा, पुन्हा नोंदणी कार्यालयाची फेरी. आमच्या ओळखीतल्या एका घराचा व्यवहार एवढ्यासाठी चार महिने लोंबकळला, आणि विकणारा नंबर-बिंबर न मानणारा!

आणि ‘१२ अ’ही न लावता १३ सरळ गाळला, तर १४ पासून सगळेच एकाने सरकतात. चौदाव्या दारात राहणारा नकाशात तेराव्यात असतो. आग लागली तर बंब घेऊन येणाऱ्यांनी कोणता नंबर धरायचा? कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराने २०१५ मध्ये नव्या इमारतींत आकडे गाळायला मनाई केली, ती मुख्यतः याच काळजीने. उलट चंदीगड इतकी वर्षे तेरा नंबरच्या सेक्टरविना चालले. २०२० मध्ये तिथल्या मणीमाजरा भागाला तो नंबर मिळाला. आपल्याकडचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे लागू होत नाही, वास्तुशास्त्राचा सल्ला त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवला आहे.

जमिनीला मात्र ही सोय नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर ओळीने येतात आणि तेरावा हिस्सा ज्याच्या वाट्याला आला तो बिनतक्रार कलमे लावतो. स्वतंत्र घरांचेही तसेच. ग्रामपंचायतीने दिलेला नंबर फाटकावर कोणी रंगवत नाही, तिथे आई-वडिलांचे नाव असते. तेरा दिसतो तो फक्त घरपट्टीच्या पावतीवर, आणि ती कपाटात असते.