कोपरेच का करपतात?

लेझर मशीनवर प्लायच्या तुकड्यावर साधा चौकोन कोरून बघा. बाजूंच्या रेघा छान तपकिरी उमटतात आणि चारही कोपरे काळेठिक्कर. पॉवर तर सगळीकडे सारखीच ठेवलेली असते. मग नवशिका आधी लेन्स पुसतो, नंतर फोकस तपासतो. गोची मात्र वेगात असते.

लाकडाला वॅट कळत नाहीत, दर मिलिमीटरला किती ऊर्जा मिळाली तेवढंच कळतं. १० वॅटचा झोत सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने सरकला, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला अर्धा ज्यूल येतो. पण झोत सोडणाऱ्या हेडला वजन आहे. काटकोनात वळायचं तर मोटरला ते आधी जवळजवळ थांबवावं लागतं आणि मग दुसऱ्या दिशेला पळवावं लागतं. वेग ५ मिलिमीटरवर उतरला की त्याच १० वॅटमधून मिलिमीटरमागे २ ज्यूल पडतात. चौपट!

छोट्या मशीनमध्ये सर्रास असणाऱ्या जीआरबीएल या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, यावर झकास तोड आहे. जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांच्या यादीत, ‘एम ३’ लिहिलं की पॉवर ठरल्याप्रमाणे कायम राहते. ‘एम ४’ लिहिलं की हेडचा वेग जसा कमी होईल तशी पॉवरही त्याच प्रमाणात उतरते आणि हेड थांबलं की लेझर बंद. मुळात या आज्ञा मिलिंग मशीनच्या: स्पिंडल (कापणारं हत्यार धरून फिरणारा दांडा) सुलटं फिरव, उलटं फिरव. लेझर फिरतच नाही, म्हणून ‘उलटं’ची जागा या कामाला वापरली. फक्त सेटिंगमध्ये लेझर मोड चालू हवा, नाहीतर मशीन स्वतःला मिलिंगचंच समजतं.

आता पॉवर उतरते म्हणजे नेमकं काय? छोट्या मशीनमधला डायोड लेझर मंद होत नाही, तो भराभर चालू-बंद होतो. ५० टक्के म्हणजे निम्मा वेळ चालू. सेकंदाला १००० वेळा हा खेळ चालला आणि हेड सेकंदाला १०० मिलिमीटर पळालं, तर एका फेरीत ते ०.१ मिलिमीटर पुढे सरकतं. अशा वेळी १० टक्क्यांवर कोरलेली रेघ भिंगाखाली धरली तर ठिपक्यांची माळ दिसू शकते. फिकट फोटो कोरताना हे फार नडतं.

कार्बन डायऑक्साइड लेझरची तऱ्हा वेगळी. हा लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीत! या लेझरच्या काचेच्या ट्यूबमधून पुरेसा करंट गेला नाही तर वायू पेटतच नाही. म्हणून स्क्रीनवर ५ टक्के दिसत असले तरी प्लायवर काहीच उमटत नाही, असं होतं. वरच्या टोकाला उलट गत: ट्यूब सतत पूर्ण करंटवर चालवली तर तिचं आयुष्य घटतं. त्यामुळे जाणकार ऑपरेटर टक्क्यांपेक्षा ट्यूबमधला करंट दाखवणाऱ्या मिलिअँपिअर मीटरच्या काट्याकडे बघतो. माझ्या मते हा मीटर नसलेली मशीन घेऊच नये.

आणि सगळं जुळवूनही काही वेळा आकडे हरतात. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निळ्या डायोडचा प्रकाश बहुतांशी आरपार निघून जातो. पॉवर कितीही चढवा, शीट तशीच राहते, तापतो तो खालचा पत्रा. पटेलांच्या लेझरची १०.६ मायक्रॉनची तरंगलांबी मात्र तेच अ‍ॅक्रिलिक पृष्ठभागावरच शोषून घेतं.