ऊर्जापेये, उच्च कॅफीनयुक्त : आरोग्यास असलेले धोके

कॅफीन, साखर किंवा कृत्रिम गोडी, टॉरिन (शरीरातही तयार होणारे एक अमिनो आम्ल), ब गटातील जीवनसत्त्वे आणि काही वेळा ग्वारानासारखे वनस्पतींचे अर्क घालून केलेल्या शीतपेयांना ऊर्जापेये म्हणतात. दुकानात त्यांना सगळेच एनर्जी ड्रिंक म्हणतात. या पेयांतून शरीराला ऊर्जा मिळते ती साखरेची. तरतरी येते ती मात्र कॅफीनची, आणि तरतरी आली म्हणजे थकवा गेला असे नाही. तो फक्त जाणवेनासा होतो. माणूस जागा असताना मेंदूत ॲडेनोसीन हे द्रव्य साठत जाते आणि ते पेशींवरील ठरावीक जागी जाऊन बसले की झोप येऊ लागते. कॅफीन त्याच जागा अडवते. त्याचा अंमल ओसरला की साठलेला शीण एकदम अंगावर येतो आणि हात दुसऱ्या बाटलीकडे जातो.

या पेयांची सुरुवात कष्टकऱ्यांच्या टॉनिकापासून झाली. जपानमध्ये १९६२ साली ‘लिपोव्हिटन-डी’ लहान बाटल्यांतून विकले जाऊ लागले. थायलंडमध्ये ट्रकचालक आणि मजूर ‘क्रेटिंग डेंग’ पीत. त्याच्याच आधारे १९८७ मध्ये ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ बाजारात आले आणि या पेयाचा ग्राहक बदलला : रात्रपाळीचा कामगार मागे पडून खेळ, संगीत आणि परीक्षा यांत गुंतलेला तरुण पुढे आला. टॉरिन १८२७ साली बैलाच्या पित्तात प्रथम सापडले, म्हणून बैलाच्या ‘टॉरस’ या लॅटिन नावावरून त्याला हे नाव पडले. आज ते कारखान्यात रासायनिक रीतीने बनते. ते बैलापासून काढतात ही समजूत चुकीची आहे.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिग्रॅ. कॅफीन असू शकते. म्हणजे २५० मिलि.च्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिग्रॅ. दिवसाला ५०० मिलि.पेक्षा अधिक पिऊ नये आणि लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांनी ते टाळावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. निरोगी प्रौढाला दिवसभरात ४०० मिग्रॅ.पर्यंत कॅफीन सहसा बाधत नाही, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले; भारतातील राष्ट्रीय पोषण संस्था ३०० मिग्रॅ.ची मर्यादा सांगते. गर्भवतीसाठी ही मर्यादा २०० मिग्रॅ. आहे.

मग चहा-कॉफी चालते, तर यावर एवढा आक्षेप का, असे विचारले जाते. फरक पिण्याच्या रीतीत आहे. चहा गरम असतो, कडवट असतो, घोट घोट घेतला जातो, आणि कटिंगमध्ये मुळात कॅफीन थोडे असते. थंडगार, गोड पेय तहानेच्या भरात दोन मिनिटांत संपते आणि पाऊण तासाच्या आत त्यातले बहुतेक कॅफीन रक्तात उतरते. शिवाय मुलांचे वजन कमी. वाढत्या वयात दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिग्रॅ. हे प्रमाण धरले, तर २५ किलोच्या मुलाची दिवसाची मर्यादा एका बाटलीतच संपते. वीस रुपयांची बाटली खाऊच्या पैशांत येते, हे इथे विसरून चालणार नाही. ऊर्जापेयांना मुलांच्या आहारात स्थान नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच स्पष्ट सांगितले होते.

सर्वांत गंभीर धोका हृदयाला. छातीत धडधडणे, रक्तदाब वाढणे, हात थरथरणे हे नेहमीचे त्रास. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३४ निरोगी तरुणांना तासाभरात सुमारे ९५० मिलि. ऊर्जापेय दिले गेले. चार तासांनंतरही त्यांच्या ईसीजीतील ‘क्यूटी’ हे अंतर, म्हणजे एका ठोक्यात हृदयाचे कप्पे आकुंचन पावून पुन्हा सज्ज होण्याचा काळ, ६ ते ७.७ मिलिसेकंदांनी वाढलेले होते. निरोगी माणसाला एवढी वाढ जाणवतही नाही. पण ज्याच्या हृदयाच्या लयीत जन्मजात दोष आहे आणि त्याला तो ठाऊकच नाही, त्याच्यासाठी हीच वाढ घातक ठरू शकते. अशा मुलाला आधी कसलाच त्रास नसतो, म्हणून ‘माझ्या मुलाला काही होत नाही’ हा दिलासा फसवा आहे.

कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. गरोदरपणी ही मुदत कितीतरी लांबते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे सर्रास दिले जाणारे प्रतिजैविकही कॅफीनचा निचरा मंदावते. रात्री अभ्यासासाठी घेतलेले पेय म्हणून पहाटेची झोपही खाते, आणि वाचलेले पक्के होते ते झोपेतच. रोजची सवय अचानक तोडली तर दिवसभरात डोके दुखू लागते. साखरेने वजन आणि मधुमेहाचा धोका वाढतो, पेयातील आम्लाने दातांचे आवरण झिजते.

दारूत मिसळून पिणे विशेष धोक्याचे. नशा चढलेली कळत नाही, म्हणून माणूस आणखी पितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्ये विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली होती. पोलीसभरतीचा किंवा कबड्डीचा सराव करणाऱ्यांनीही धावण्याआधी हे पेय घेऊ नये : घामातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे खेळाडूंचे पेय वेगळे. तहानेला पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत पुरते.

लिथुएनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत, शाळांपासून ५०० मीटरच्या आत उच्च कॅफीनयुक्त पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याचे जाहीर केले. दिशा योग्य आहे. मात्र मूल दिवसभर शाळेच्या पाचशे मीटरांच्या आतच राहत नाही, त्यामुळे अंतरापेक्षा वयाची अट अधिक उपयोगी पडेल.

पेय घेतल्यावर छातीत दुखणे, भोवळ, सतत उलट्या किंवा झटके आले तर घरी वाट पाहू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कॅफीनवर उतारा नाही. ईसीजीवर लक्ष ठेवून, रक्तातील पोटॅशियम सांभाळून आणि झटके थांबवून उपचार होतात. जाताना रिकामी बाटली किंवा कॅन सोबत न्यावा, म्हणजे पोटात किती कॅफीन गेले याचा अंदाज डॉक्टरांना लगेच येतो.